दोनशे मिलिलिटर रस

माझ्या लेकीला टाइप १ मधुमेह आहे. ती सहा वर्षांची असताना कळलं, आता ती दहाची आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, त्यामुळे पोटावर बसवलेल्या बारीक नळीतून एक छोटा पंप तिला चोवीस तास इन्सुलिन देतो. दंडावर सेन्सर असतो आणि तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा पंपाला कळवतो. पंपामुळे दिवसाला चार-पाच सुया टळल्या. ती धावू लागली, मैत्रिणींकडे राहायला जाऊ लागली. पंप घेऊन विमानप्रवास मात्र आम्ही पहिल्यांदाच करत होतो. त्या दिवशी सुरक्षा तपासणीत जे घडलं ते लिहून ठेवायला मला बरेच महिने लागले, कारण राग उतरल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

तयारी मी नीट केली होती. डॉक्टरांचं पत्र होतं, पंपाच्या कंपनीचं कार्ड होतं. त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की हा पंप एक्स-रे यंत्रातून किंवा संपूर्ण शरीर तपासणाऱ्या स्कॅनरमधून नेऊ नये, धातू शोधणाऱ्या चौकटीतून गेलं तर चालेल. इन्सुलिनच्या कुप्या केबिन बॅगेत होत्या. त्या सामानात टाकता येत नाहीत, कारण विमानाच्या पोटात थंडीने इन्सुलिन गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. थंड राहण्यासाठी जेलच्या पिशव्या, जादा नळ्या, ग्लुकोमीटर आणि फळांच्या रसाचे २०० मिलिलिटरचे चार सीलबंद डबे. विमानतळाच्या संकेतस्थळावरचं पान मी छापून घेतलं होतं. केबिनमध्ये १०० मिलिलिटरपेक्षा मोठा द्रवपदार्थ नेता येत नाही, पण औषधं आणि वैद्यकीय कारणासाठी लागणारे द्रव त्याला अपवाद आहेत, त्यांची वेगळी तपासणी होऊ शकते, असं त्या पानावर होतं. वेगळ्या तपासणीला आमची ना नव्हती. त्यासाठी तासभर जास्तीचा धरूनच निघालो होतो.

रांगेच्या तोंडाशीच मी सांगितलं, ‘मुलीला इन्सुलिन पंप आहे, बॅगेत औषधं आणि रस आहे.’ तिथल्या माणसाने पुढे जा अशी खूण केली. पट्ट्याजवळ पुन्हा सांगितलं. तिथल्या कर्मचाऱ्याने कार्डाकडे पाहिलं, वाचलं की नाही ते कळलं नाही, आणि म्हणाला, ‘यंत्र काढून ट्रेमध्ये ठेवा.’

मी म्हटलं, ‘एक्स-रेमधून नेता येत नाही. कार्डावर लिहिलंय.’

‘मग स्कॅनरमधून जाऊ दे तिला.’

‘स्कॅनरमधूनही नाही. चौकटीतून नेता येईल, हाताने तपासा, काहीही करा.’

‘एकातून तरी जावंच लागेल. नाहीतर आत सोडता येणार नाही.’

तेवढ्यात आमची बॅग पट्ट्यावरून बाजूला ओढली गेली. दुसऱ्या कर्मचाऱ्याने रसाचे चारही डबे काढून टेबलावर मांडले. रस हे काही औषध नाही, असं त्याचं म्हणणं. इथेच पिऊन टाका किंवा टाकून द्या. मी छापलेलं पान पुढे केलं. ‘यात रसाचं नाव कुठे आहे?’ त्याने विचारलं. खरंच नव्हतं. वैद्यकीय कारणासाठी लागणारे द्रव, एवढंच होतं. डॉक्टरांच्या पत्रात मात्र ‘साखर कमी झाल्यास त्वरित देण्यासाठी फळांचा रस’ असं शब्दशः होतं. ते पत्र त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि टेबलावर ठेवलं.

इथे थांबून मला त्या माणसाच्या बाजूने थोडं बोलायचं आहे. रसाच्या डब्यावर संशय घेणं वेडेपणाचं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये जो कट उघडकीस आला, त्यात शीतपेयाच्या बाटल्यांतूनच द्रव स्फोटकं विमानांत न्यायची होती. १०० मिलिलिटरची मर्यादा आणि एक लिटरची पारदर्शक पिशवी त्यातूनच आली. बूट काढायला लावायचे ते डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटातली स्फोटकं पेटवायचा प्रयत्न केला म्हणून. २००९ च्या नाताळात ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात स्फोटकं शिवून नेली होती, त्यानंतर शरीर तपासणारे स्कॅनर सगळीकडे दिसू लागले. सामानाच्या नियमांमागे तर प्रत्यक्ष मृत्यू आहेत. १९८५ मध्ये एअर इंडियाच्या कनिष्क विमानात ३२९ आणि १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर विमान फुटून २७० माणसं गेली, दोन्ही वेळा बॉम्ब प्रवाशाविना चढवलेल्या बॅगेत होता. मी हे सगळं जाणते. माझी लेक ज्या विमानात बसणार आहे ते विमान कुणीतरी डोळ्यांत तेल घालून तपासावं, असं मला वाटतंच.

म्हणूनच मी ‘तपासा’ म्हणत होते. डबा तपासा, पंप तपासा, माझे हात तपासा. आणि ते ‘नाही’ म्हणत होते. नाही म्हणणं आणि तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या टेबलापाशी जितकं समजवायचा प्रयत्न केला तितका आयुष्यात कशासाठी केला नसेल.

मग आम्हाला बाजूला उभं केलं. वरिष्ठांना बोलावतो, म्हणाले. बसायला जागा नव्हती. बॅग टेबलावर, आम्ही पिवळ्या रेषेच्या अलीकडे. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मधेच एका बाईंनी लेकीला विचारलं, ‘कुठे आहे यंत्र?’ तिने पोटाकडे बोट दाखवलं. ‘शर्ट वर कर बघू.’ समोर पन्नास-साठ माणसांची रांग. लेकीचा हात शर्टाच्या कडेला गेला सुद्धा. मोठ्या माणसाने सांगितलेलं ऐकायचं हे आम्हीच तिला शिकवलंय. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, ‘इथे नाही. खोली असेल तर तिथे, माझ्यासमोर.’ त्या बाई म्हणाल्या, ‘मॅडम, सहकार्य केलं नाहीत तर आम्हाला कळवावं लागेल.’ तो शब्द, सहकार्य, माझ्या डोक्यातून अजून जात नाही. दहा वर्षांच्या मुलीने परक्या माणसांसमोर पोट उघडं करणं म्हणजे सहकार्य.

खाजगी जागेत तपासणी मागण्याचा हक्क बहुतेक विमानतळांवर प्रवाशाला असतो. मला तो माहीत होता म्हणून मी बोलले. आवाज माझा कापत होता. ज्यांना माहीत नसतो त्यांचं काय होत असेल, हा विचार मला त्या रात्री झोपू देत नव्हता.

आणि मग पंप वाजला.

घरून निघण्यापूर्वी तिने नाश्त्याचं इन्सुलिन घेतलं होतं, आणि प्रवासाच्या आनंदात नाश्ता मात्र अर्धाच खाल्ला होता. तपासणी झाली की आत बसून उरलेलं खायचं ठरलं होतं. पंपाच्या पडद्यावर ६८, शेजारी खाली जाणारा बाण. ७० च्या खाली गेलं की ताबडतोब साधारण १५ ग्रॅम पटकन पचणारी साखर द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, हा आमच्या घरातला पाढा आहे. तिचा चेहरा मी ओळखते. ओठ पांढरे पडतात, आणि ती अचानक फार शहाण्यासारखी गप्प होते.

रस चार हातांवर होता. मी रेषा ओलांडून डब्याकडे हात नेला आणि त्या कर्मचाऱ्याने बॅगेवर हात ठेवला. ‘तपासणीत असलेल्या सामानाला हात लावता येणार नाही.’ पंपाच्या आवाजाने तोही दचकला होता, हे मला दिसत होतं. ज्या यंत्राबद्दल आधीच शंका, तेच यंत्र पिप-पिप करू लागलेलं. मी म्हटलं, ‘तिची साखर उतरतेय. ती चक्कर येऊन पडेल. तिला झटका येऊ शकतो.’ तो म्हणाला, ‘वरिष्ठ येताहेत.’ पुढच्या आकड्याला ६१ होते.

‘आई, मला बसायचंय,’ ती म्हणाली आणि खाली फरशीवर बसली.

त्या क्षणाचं वर्णन मला यापेक्षा जास्त करता येणार नाही. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. रांगेतली माणसं वळून बघू लागली, आणि एका प्रवासी आजोबांनी खिशातून दोन गोळ्या काढून मला दिल्या, साध्या चघळायच्या गोड गोळ्या. मी त्या तिच्या तोंडात घातल्या.

वरिष्ठ अधिकारी आल्या त्या याच वेळी. पन्नाशीच्या असतील. त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही, आधी लेकीजवळ खाली बसल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तिला आत्ता काय हवंय?’ मी म्हटलं, ‘तो रस.’ त्यांनी स्वतः उठून एक डबा आणला, नळी लावली, तिच्या हातात दिला.

त्यानंतरची सगळी तपासणी, मी नंतर वेळ बघितली, नऊ मिनिटांत झाली, आणि त्यात लेकीला बरं वाटायला लागलेली चार-पाच मिनिटंही धरलेली आहेत. एका छोट्या खोलीत आम्ही तिघी. त्यांनी प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगितली, ‘आता मी हाताच्या मागच्या बाजूने तुझ्या कमरेजवळ तपासणार आहे, चालेल?’ लेक मान हलवायची. मग त्या म्हणाल्या, ‘पंप तूच हातात धर, सगळीकडून बोटं फिरव.’ तिने फिरवली. मग त्यांनी कापडाची एक पट्टी तिच्या तळव्यांवरून फिरवली आणि यंत्रात सरकवली. स्फोटकांचे अगदी सूक्ष्म कण असले तरी ते यंत्र काही सेकंदांत ओळखतं. पंपात कुणी काही लपवलं असतं तर हाताळणाऱ्याच्या बोटांना त्याचा अंश लागण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे पंपाला धक्का न लावता, एक्स-रेत न घालता, पोट उघडं न करता पंप तपासून झाला होता. उरलेल्या तीन डब्यांची आणि जेलच्या पिशव्यांचीही तशीच पट्टी फिरवून तपासणी झाली. दिवा हिरवा.

हे यंत्र आमच्या टेबलापासून दहा पावलांवर सुरुवातीपासून होतं.

मी त्यांना विचारलं, ‘हे त्यांना का नाही करता आलं?’ त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘त्याने थांबवलं आणि काही झालं नाही तर त्याला कुणी विचारत नाही. त्याने सोडलं आणि काही झालं तर त्याची नोकरी जाते. मी सोडते तेव्हा सही माझी असते.’

त्यांचं हे वाक्य मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. त्या तरुण कर्मचाऱ्याला मी दुष्ट म्हणत नाही. त्याच्यापुढे नियमाचा पहिला भाग होता, १०० मिलिलिटर. दुसरा भाग, अपवाद आणि त्याची तपासणी, वापरायचा तर जबाबदारी घ्यावी लागते, आणि ती घ्यायला त्याला कुणी मोकळीकच दिलेली नव्हती. नियम लिहिणाऱ्यांनी शहाणपण लिहिलेलं होतं, पट्ट्यापाशी पोचेपर्यंत ते गळून गेलं होतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या विमानतळांवर काही दिवस असा आदेश होता की बाळाचं दूध नेणाऱ्या आईबापांनी ते तपासनिसासमोर स्वतः चाखून दाखवायचं. धावपळीच्या, भीतीच्या दिवसांत काढलेली युक्ती होती ती. पण त्या घाईतही कुणाच्या तरी लक्षात राहिलं होतं की बाळाला दूध लागतं आणि दुधावर बंदी घालून भागणार नाही, ते तपासायचा मार्ग काढावा लागेल.

मला दुसरी एक गोष्ट जास्त अस्वस्थ करते, आणि ती आमच्या दुःखाशी नाही, सगळ्यांच्या सुरक्षेशी जोडलेली आहे. आमच्या चार डब्यांभोवती एका वेळी तीन कर्मचारी उभे होते, आणि पट्टा चालूच होता. माणसाचं लक्ष ही मोजकी गोष्ट आहे. युरोपीय संघाच्या नियमांत एक्स-रेचा पडदा बघणाऱ्याने सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसू नये असं आहे, ते याचसाठी. कित्येक ठिकाणी त्या पडद्यावर अधूनमधून बंदुकीची किंवा बॉम्बची खोटी प्रतिमा मुद्दाम टाकतात, बघणारा जागा राहावा म्हणून. २००५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगात लोकांना गर्दीच्या चित्रांत एखादी ठरावीक वस्तू शोधायला सांगितलं होतं. वस्तू निम्म्या चित्रांत असली तेव्हा ती सुमारे ७ टक्के वेळा नजरेतून सुटली. शंभरांत एकाच चित्रात ठेवली तेव्हा सुमारे ३० टक्के. जे क्वचितच दिसतं ते दिसेनासंच होतं. आणि २०१५ मध्ये अमेरिकेत सरकारच्याच माणसांनी वेष बदलून नकली हत्यारं आणि स्फोटकं तपासणीतून नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बातम्यांत आलेल्या आकड्यांनुसार ७० पैकी ६७ वेळा ती पार गेली. अशा कामात लेकीच्या रसावर घालवलेली पस्तीस मिनिटं ही फक्त आमची गेलेली मिनिटं नव्हेत.

नियम बदलतात हेही खरं. अमेरिकेत सर्वांना बूट काढायला लावण्याची पद्धत जुलै २०२५ मध्ये बंद झाली. शरीराची तपशीलवार आकृती दाखवणारे स्कॅनर तिथल्या विमानतळांवरून २०१३ पर्यंत काढले गेले, कारण लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी आग्रह धरला. आता सर्वांसाठी एकच ठोकळेबाज आकृती दिसते आणि शंकेच्या जागी चौकोन उमटतो. म्हणजे बोलल्याने फरक पडतो. म्हणून घरी आल्यावर मी तक्रार लिहिली. रागाची नव्हे, वेळेसकट, शब्दांसकट. पाच आठवड्यांनी उत्तर आलं की सर्व कार्यवाही प्रचलित नियमांनुसार झाली. मी पुन्हा लिहिलं, की नियमांनुसार झाली असेल तर अपवादाचं कलम पट्ट्यापाशी कोण वापरू शकतं ते मला कळवावं, आणि साखर उतरलेल्या मुलाला सामानातलं औषध देण्यासाठी कुणाची परवानगी लागते तेही. त्यावर मात्र एका माणसाचा फोन आला. तो बराच वेळ बोलला, पंपाबद्दल विचारलं, कार्डाचा फोटो मागितला. प्रशिक्षणात हे घेऊ, म्हणाला. घेतलं का ते मी दर तीन महिन्यांनी विचारते.

आम्ही काय बदललं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. ग्लुकोजच्या गोळ्या आता बॅगेत नाही, तिच्या खिशात असतात. त्या द्रव नाहीत, त्यामुळे त्यांवर वाद होत नाही, आणि बॅग अडकली तरी तिच्याजवळ राहतात. रस तरीही नेतो, कारण जास्त उतरली की चघळणं तिला जमत नाही. रांगेत शिरतानाच ‘पट्टीने हात तपासून घ्या’ अशी नेमकी मागणी करतो. नुसतं ‘पंप आहे’ सांगून समोरच्याला काय करायचं ते सुचत नाही. पहिल्या ‘नाही’नंतर वाद न घालता वरिष्ठांना बोलवा असं म्हणते, आणि ते येईपर्यंत औषधाची पिशवी हाताच्या अंतरावर ठेवा, हे मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असं सांगते.

पण त्या पहिल्या प्रवासात, मुक्कामाच्या दुसऱ्या रात्री, झोपताना तिने विचारलं होतं, ‘आई, परत जाताना पंप काढून ठेवूया का? मी सुया घेईन.’ ज्या पंपासाठी तिने दोन वर्षं वाट पाहिली होती तो पंप. मी नको म्हटलं. तिने वाद घातला नाही, तोंड फिरवून झोपली. परतीच्या विमानतळावर तपासणारा एक तरुण मुलगा होता. त्याने कार्ड पूर्ण वाचलं, चौकटीतून जायला सांगितलं, हातांना पट्टी लावली, रसाचे डबे एकेक करून तपासले आणि चार मिनिटांत ‘जा’ म्हणाला. वरिष्ठ कुणी आले नाहीत. तिथे त्याला ते करण्याची मुभा होती.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. रांगेत आमच्यापुढे अजून सात-आठ माणसं होती, आणि बघते तर तिने आपणहून शर्टाच्या आत हात घालून पंप दोन्ही तळव्यांत घोळवला, मग हात बाहेर काढून पुढे धरले. तळवे वर, बोटं पसरलेली, नंबर यायच्या आधीपासून. मी म्हटलं, ‘अगं, अजून वेळ आहे, हात खाली घे.’

‘असू दे,’ ती म्हणाली, ‘त्यांना लवकर दिसेल.’